कार्डाचं नवं-जुनं

यवतमाळ जिल्ह्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घरी सासऱ्यांच्या नावावर सात एकर कोरडवाहू. पाच एकरांत कपाशी आणि तूर, दोन एकरांत सोयाबीन. पगारातून सगळं कापून महिन्याला हातात 38 हजार येतात. मुलगा अकरावीला अमरावतीच्या होस्टेलवर आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेत आलेल्या एजंटाकडून त्यांनी क्रेडिट कार्ड घेतलं. आधी नणंदेच्या लग्नाचं कापड, मग खत-बियाणं, फवारणीचं औषध, मुलाचा मोबाइल, असं करत बाकी 1,20,000 रुपयांवर गेली. दर महिन्याला त्या न चुकता 7,000 भरतात, तरी दहा महिन्यांत आकडा हललेला नाही. आता दुसऱ्या बँकेचा फोन आला आहे: नवं कार्ड घ्या, जुनी बाकी इकडे वळवा. 60 दिवस शून्य व्याज किंवा महिन्याला सव्वा टक्क्याने 12 हप्ते, प्रोसेसिंग फी 2 टक्के, कार्डाची वार्षिक फी 999. यजमानांना वाटतं बाकी पन्नासेक हजार असेल. शिक्षक पतसंस्थेची वर्गणी पगारातून कापली जाते, पण तिथून कर्ज त्यांनी कधी काढलेलं नाही. पत्राचा शेवट असा: ‘सर, हे कार्ड घेऊ की नको एवढंच सांगा. घरी आणि शाळेत कोणाला कळायला नको.’

ताई,

‘एवढंच सांगा’ म्हणता, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य त्याच्या पुढचं आहे. त्याच्याकडे येतोच. आधी तुमचं गेल्या महिन्याचं बिल उघडा.

त्यात दोन आकडे ठळक असतात. एक एकूण देय, दुसरा किमान देय. बहुतेकांची नजर किमानवर पडते आणि तिथंच थांबते. त्याच्या आसपास बारीक अक्षरात एक सूचना असते की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल. ही सूचना बँकेने हौसेने छापलेली नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे छापावी लागते. आता तुमचा व्याजदर शोधा. तुम्ही महिन्याला साडेतीन टक्के लिहिलाय, म्हणजे वर्षाचे 42. एक लाख वीस हजारांवर महिन्याचं व्याज 4,200. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 756. झाले 4,956. तुम्ही भरलेल्या सात हजारांपैकी पाच हजार इथंच जातात. मुद्दलात पडतात दोन हजार.

आणि हे दोन हजार कुठे जातात, तेही तुम्हीच लिहून ठेवलंय, सहज म्हणून: ‘आता कार्डावर मोठं काही घेत नाही, फक्त गाडीचं पेट्रोल आणि रिचार्ज.’ ताई, मागच्या बिलातला एक रुपयाही बाकी असला तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. सोमवारी स्कूटीत टाकलेल्या पाचशेच्या पेट्रोलवर सोमवारपासूनच 42 टक्क्यांचं मीटर सुरू होतं. महिन्याला दोनेक हजारांचं पेट्रोल-रिचार्ज झालं की मुद्दलात पडलेले दोन हजार परत कार्डावर चढले. दहा महिन्यांत सत्तर हजार भरून आकडा जागचा न हलण्यात बँकेची काही जादू नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, नवं कार्ड घ्या किंवा घेऊ नका, जुनं आज पर्समधून काढून कपाटात टाका. फोनमधल्या ज्या ज्या ॲपमध्ये त्याचा नंबर साठवलेला आहे तिथूनही काढा. पेट्रोल रोखीने.

आता त्या फोनकडे वळू. एका कार्डाची बाकी दुसऱ्यावर वळवण्याला बँका बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. शब्द नवा आहे, वस्तू आपल्या ओळखीची आहे. मार्च आला की गावात काय चालतं? सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं. दोन दिवसांसाठी कुणाकडून पैसे आणायचे, जुनं भरायचं, नवं उचलायचं आणि आणलेले परत द्यायचे. कागदावर कर्ज फिटलं, घरात तेवढंच राहिलं. कार्डाचं हे नवं-जुनंच आहे. याला मी वाईट म्हणत नाही. पीककर्जाच्या नवं-जुन्यातून व्याजाची सवलत टिकते, यातूनही व्याज वाचू शकतं. पण मिळते ती मुदत, पैसा मिळत नाही. आणि मुदत तुमच्या घरात पैसा येण्याच्या वेळेशी जुळली तरच कामाची.

साठ दिवसांची योजना म्हणूनच मला तुमच्यासाठी पटत नाही. हिशेबाने ती छान दिसते. 2 टक्के फी म्हणजे 2,400, त्यावर जीएसटी धरून 2,832. जुन्या कार्डावर दोन महिन्यांत 9,912 गेले असते. वार्षिक फी पकडली तरी सहा हजारांच्या आसपास वाचतात. पण साठाव्या दिवशी एक लाख वीस हजार हातात लागतात. नसले तर नव्या कार्डाचा नेहमीचा दर लागतो, आणि तो जुन्यासारखाच असतो. मग तुमच्याजवळ दोन कार्डं असतील आणि कर्ज तेवढंच.

तुमचे यजमान म्हणतात, ‘कापूस निंगाला का भरून टाकू ना सारे, काऊन टेन्शन घेतं?’ पोळा नुकताच झालाय. आज बाकी वळवली तर साठ दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर संपतात. तोवर सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा घरात आला असेल, फार तर दुसरा सुरू. पहिल्या वेच्याचा कापूस ओला. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे भाव कापते आणि 12 टक्क्यांच्या वर घेतच नाही. यजमान हिशेब करतात तो हमीभावाने, 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 होता म्हणून. ओला कापूस घाईने खेड्यातच व्यापाऱ्याला घातला तर तो भाव विसरा. सीसीआयला दिला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणजे सातबारा ज्यांचा त्यांच्या, सासऱ्यांच्या. आणि त्या पैशाला आधीपासून किती जण उभे आहेत ते तुमच्याच पत्रात आहे: कृषी केंद्राची उधारी, वेचाईची मजुरी, हरभऱ्याचं बियाणं, होस्टेलचा दुसरा हप्ता. त्या रांगेत तुमचं कार्ड शेवटी आहे, कारण ते कुणाला दिसतच नाही.

साठ दिवसांची योजना त्याच्या कामाची, ज्याची एफडी सुटायला महिना आहे किंवा ज्याचा पगाराच्या फरकाचा पैसा मंजूर होऊन फक्त खात्यात पडायचा राहिलाय. तारीख माहीत असलेला पैसा पाहिजे. कापसाला तारीख नसते.

बारा हप्त्यांची योजना मात्र विचार करण्यासारखी आहे. महिन्याला सव्वा टक्का, उतरत्या बाकीवर, म्हणजे हप्ता सुमारे 10,830. व्याजावरचा जीएसटी धरून पहिला हप्ता अकरा हजारांच्या थोडा वर जाईल, पुढे किंचित उतरत जाईल. वर्षाचं व्याज, जीएसटी, फी, वार्षिक फी सगळं मिळून जवळपास पावणेसोळा हजार जातील. हेच अकरा हजार तुम्ही जुन्या कार्डावर दर महिन्याला भरले असते तर फिटायला पंधरा महिने आणि वर बेचाळीस-त्रेचाळीस हजार लागले असते. आणि आता भरता तसे सातच हजार भरत राहिलात, नवी खरेदी शून्य धरली, तरी अडीच वर्षं आणि नव्वद हजारांच्या वर व्याज. तेव्हा व्याजात वाचतं हे खरं आहे. प्रश्न एकच, 38 हजारांतून अकरा हजार दर महिन्याला सुटतील का? तुमच्या पत्रातल्या खर्चावरून मला तरी सुटताना दिसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हप्ता चुकला की दंड लागेल, आणि कपाटातलं जुनं कार्ड तेव्हा पूर्ण मोकळं असेल. तेच कार्ड तुम्हाला हाक मारेल. बँकेत बत्तीस वर्षं काढली. बाकी वळवून वर्षभरात दोन्ही कार्डं भरून घेतलेली माणसं मी इतकी पाहिली की बोटं पुरणार नाहीत, आणि त्यातली एकही उधळी नव्हती. बहुतेक पगारदार, तुमच्या-माझ्यासारखी.

इथे एक प्रश्न त्या फोनवाल्याला विचाराच: सव्वा टक्का हा उतरत्या बाकीवर की मूळ रकमेवर सरसकट? ज्याला ते ‘फ्लॅट’ म्हणतात. दुसरा कुणी तुम्हाला ‘महिन्याला फक्त एक टक्का’ म्हणेल, तो सव्वापेक्षा स्वस्त वाटेल. पण एक टक्का सरसकट असेल तर बारा महिन्यांच्या हप्त्यात खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. तुम्ही हप्ते फेडत जाता आणि व्याज मात्र आधीच फेडलेल्या मुद्दलावरही चालू राहतं. बोलणं फोनवर मान्य करू नका. एकूण किती रुपये द्यायचे, तो आकडा लेखी मागा.

तुमच्या मुलाने दाखवलेला व्हिडिओ, अठरा महिने शून्य टक्क्यांचा, तो अमेरिकेतला आहे. तिथे 12 ते 21 महिने बिनव्याजी देणारी कार्डं असतात, वळवताना 3 ते 5 टक्के फी घेतात, आणि सुरुवातीचा सवलतीचा दर निदान सहा महिने टिकला पाहिजे असा 2009 चा कायदा आहे. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे तर 30 टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा जो आदेश होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तिथला सल्ला इथल्या कार्डाला लावू नका.

आता त्या वाक्याकडे. ‘कोणाला कळायला नको.’

पतसंस्थेची वर्गणी इतकी वर्षं तुमच्या पगारातून कापली जाते. तुमचा तिथे भाग आहे, ठेव आहे. शिक्षक-नोकरदारांच्या पतसंस्थांचा कर्जाचा दर साधारण 10 ते 12 टक्क्यांच्या घरात असतो. तुमच्या संस्थेचा नेमका विचारून घ्या. मी 11 धरतो. एक लाख वीस हजार, दोन वर्षं: हप्ता साधारण 5,600. आज भरता त्या सात हजारांपेक्षा कमी, ताई. दोन वर्षांचं सगळं व्याज सव्वाचौदा हजारांच्या आत, आणि कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. नव्या कार्डाच्या बारा महिन्यांच्या खर्चापेक्षाही हे कमी आहे आणि वेळ दुप्पट मिळतो.

हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. तुम्ही गणित शिकवता. तुम्ही तिथे गेला नाहीत, कारण तिथे अर्ज लागतो, दोन जामीनदार लागतात, म्हणजे स्टाफरूममधल्या दोघांना सांगावं लागतं. पगारपत्रकावर कपात दिसते, म्हणजे मुख्याध्यापकांना दिसते. कार्ड कुणालाच काही विचारत नाही. म्हणून ते सोपं वाटतं. जुन्या कार्डावर महिन्याला जे 4,956 रुपये जातात ते मला व्याजापेक्षा या गुपिताचं भाडंच जास्त वाटतं. आणि नवं कार्ड घेणं म्हणजे भाडं कमी करून घेणं, घर तेच.

तुमची भीती खोटी नाही. आपल्या गावांत बाईच्या नावावर कर्ज म्हटलं की पानटपरीवर चर्चा होते, आणि ‘मास्तरीणबाईला काय कमी’ हे वाक्य मीही ऐकलंय. पण एक आठवण सांगतो. मी एका बाजाराच्या गावी शाखेत असताना एक शिक्षक यायचे, गुडघ्याएवढ्या थैलीत कार्डाची सगळी बिलं, तारखेप्रमाणे लावलेली, एकही फोडलेलं नाही. लिफाफे तसेच. शेवटी जामीनदार म्हणून ज्या सहकाऱ्याला त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, त्याने सही करता करता विचारलं, ‘माह्यंही सत्तर हजाराचं हाये, सर. मलेही भेटन का कर्ज?’

मधे एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. खत-बियाणं कार्डावर का गेलं? पत्रात अर्ध्या ओळीत आहे: सासऱ्यांनी दोन वर्षं पीककर्ज नवं-जुनं केलं नाही, कर्जमाफी होईल म्हणून. त्यांना दोष देत नाही. 2008, 2017, 2019 असं तीनदा जे झालं ते पाहिलेला माणूस वाट पाहणारच. पण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे आपल्या राज्यात शून्य टक्क्याने पडतं. तो दरवाजा बंद झाला म्हणून त्याच शेतातलं डीएपी खत 42 टक्क्यांवर आलं, आणि तेही सुनेच्या नावावर. क्रेडिट कार्डाला कर्जमाफी नाही, कधीच नव्हती. (गावात केसीसीलाही ‘क्रेडिट कार्ड’च म्हणतात, त्यामुळे हा घोळ अनेकांचा होतो. किसान क्रेडिट कार्ड वेगळं, हे प्लास्टिकचं वेगळं.) सासऱ्यांना काय करा ते मी सांगणार नाही. पण बँकेत जाऊन थकबाकीचा नेमका आकडा आणि नवं-जुनं होतं का, एवढं विचारायला पैसे लागत नाहीत. पुढच्या जूनच्या आत हे ठरलं नाही तर खत पुन्हा कशावर येईल हे तुम्हाला माहीत आहे.

ज्यांना पगार नाही, पतसंस्था नाही अशा वाचकांसाठी दोन ओळी. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि त्यात वर्षअखेरीस एकरकमी फेडायची सोय मिळते, जी पिकाच्या पैशाशी जुळते. पण मुदत चुकली तर दागिन्याचा लिलाव होतो, म्हणून मुलीच्या लग्नाचं काढून ठेवलेलं त्यात घालू नये. आणि बिगरपरवाना सावकाराकडे जाऊन कार्ड फेडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एवढं सगळं वाचूनही, किंवा पतसंस्थेने नाही म्हटलं म्हणून, तुम्ही नवं कार्ड घेतलंत, तर बारा हप्तेच घ्या, साठ दिवस नाही. आलेल्या फोनवर हो म्हणू नका. त्या बँकेच्या शाखेत जा किंवा तिच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करा. ओटीपी मागणारा किंवा व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवणारा बँकेचा नसतो. तसं काही घडलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, 1930. बाकी वळली असं फोनवर सांगितलं तरी जुन्या कार्डाच्या खात्यात पैसे पडल्याचं दिसेपर्यंत त्याचा हप्ता थांबवू नका. आणि त्यापुढच्या बिलात शे-दोनशे ते हजार-दोन हजार असा काही आकडा येईल, तो बघून चमकू नका. बिल निघाल्यापासून पैसे पडेपर्यंतच्या दिवसांचं व्याज असतं ते. ‘मी तर सगळं भरलं’ म्हणून लोक ते सोडतात आणि त्यावर दंड लागतो. ते भरा, मग जुनं कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. काही बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीला महिनाभरात उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, नंबर 14448. कार्ड बंद केल्याने सिबिल, म्हणजे कर्जासाठी बँका बघतात तो पतीचा आकडा, थोडा घसरेल असं कुणी सांगेल. घसरू द्या. पतसंस्थेचं कर्ज घेतलंत तरी जुन्या कार्डाचं हेच करायचं. नव्या कार्डावर मात्र एक चहाही घेऊ नका.

राहिले यजमान. त्यांना पन्नास हजार वाटतात, आहेत एक लाख वीस. मला वाटतं कापूस यायच्या आधी सांगा, नंतर नको. आत्ता सांगितलंत तर कापसाच्या रांगेत कार्डाला जागा मिळेल. डिसेंबरात सांगितलंत तर पैसे वाटून झालेले असतील आणि भांडण फक्त उरेल. तोंडी सांगू नका. वहीच्या पानावर तीन ओळी लिहा: सात हजार भरले, पाच व्याजात गेले, दोन पेट्रोलने परत चढले. त्याखाली 5,600. शेतकरी माणूस आहे, त्याला व्याज कळतं. ‘तुम्ही खत घेतलं म्हणून’ असं कुठे लिहू नका.

पतसंस्थेत अर्ज आणायला जाल तेव्हा तीन महिन्यांचं पगारपत्रक, आधार आणि पॅनची झेरॉक्स घेऊन जा. बाजाराच्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे पीकविम्याची गर्दी असते, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर जा. आणि जामीनदारासाठी पहिल्यांदा त्या मॅडमना विचारा, ज्यांनी तुम्हाला हे नवं कार्ड घ्यायचं सुचवलं म्हणून तुम्ही लिहिलंय. त्यांना कार्डाची एवढी माहिती कशी, हे मला तरी जाणून घ्यायला आवडेल.